चौदातले सहा

शनिवारी सकाळची शाळा सुटली की इचलकरंजीतल्या त्या शाळेच्या प्रयोगशाळेत नुसता बाजार भरायचा. रोबोटिक्स क्लबची चौदा मुलं डबे घेऊन आत घुसायची. तिघं-चौघं रोबोटभोवती वाकायची, काहीजण त्यांच्या खांद्यावरून डोकावायची आणि उरलेली खिडकीत बसून डबे संपवायची. क्लबची कॅप्टन नववीतली चंदना मगदूम. तिला हा गोंधळ सहन व्हायचा नाही. कालचा प्रोग्राम कुणी बदलला हे कुणी सांगायचं नाही. बॅटरी चार्जिंगला लावायचं काम चौघांवर सोपवलं की चौघांनाही वाटायचं, दुसऱ्या कुणीतरी लावली असेल. मग शनिवारी रोबोट टेबलावर मेल्यासारखा पडून राहायचा.

"सर, अर्ध्या जणांना काढून टाका की," ती हेरवाडे सरांच्या मागे लागायची.

विज्ञान शिकवणाऱ्या हेरवाडे सरांना कुणाला नाही म्हणणं जमत नसे. "असू दे गं. पोरं येतात तरी," ते म्हणायचे आणि पुन्हा वह्या तपासायला लागायचे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पट्टे आले.

राज्य पातळीवरच्या शालेय स्पर्धेसाठी त्या वर्षी शाळांची झुंबड उडाली होती. कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं, हे ठरवायला आयोजकांनी 'सांगड' नावाची नवी यंत्रणा आणली. प्रत्येक मुलाच्या मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा, आणि सगळे पट्टे शाळेच्या संगणकाला जोडलेले. यंत्रणा चार शनिवार संघाला नुसती काम करताना पाहणार आणि मग सांगणार, की हा संघ टिकेल की फुटेल.

"पण मनगटावरून त्याला कसं कळणार?" चंदनाची मैत्रीण मिसबाह बागवान हिने विचारलं. "हात बघणारा ज्योतिषी आहे काय हा?"

सगळे हसले. सर मात्र खडू घेऊन फळ्याकडे वळले, कारण त्यांनाही हे समजावून सांगायची हौस होती. दोन माणसं एखाद्या कामात मनापासून गुंतली, की त्यांच्या नकळत त्यांच्या शरीरांची लय एकमेकांशी जुळते, त्यांनी सांगितलं. नाडी एकाच वेळी चढते, एकाच वेळी उतरते. तळहाताला घाम सुटतो तोही बरोबरच. पट्टा नाडी आणि घाम सतत मोजतो, आणि संगणक प्रत्येकाची रेघ दुसऱ्या प्रत्येकाच्या रेघेशेजारी ठेवून पाहतो. रेघा जितक्या जवळून चालतील तितका आकडा मोठा. शंभरपैकी मिळणाऱ्या या आकड्याला 'निष्ठांक' म्हणायचं. हजारो क्लबांवर हे तपासून झालं होतं. ज्यांची रेघ इतरांपासून भरकटलेली असते ती मुलं थोड्याच महिन्यांत क्लब सोडतात, आणि दहातल्या नऊ वेळा यंत्रणेचा हा अंदाज खरा ठरला होता.

"आणि संघ किती मोठा असावा, तेही ते सांगतं," सर म्हणाले. त्यांनी फळ्यावर ठिपके काढले आणि रेषांनी जोडले. "सहा मुलं असली तर त्यांच्या जोड्या पंधरा. चौदा मुलं असली तर जोड्या एक्क्याण्णव. मुलं दुपटीहून थोडी जास्त, पण जोड्या सहापट. कोण काय करतंय हे एकमेकांना माहीत राहायचं कसं? शिवाय रस्सीखेच आठवा. दोरीला माणसं वाढली की प्रत्येकजण थोडा कमी ओढतो. लबाडी म्हणून नव्हे, त्याचं त्यालाही कळत नाही."

चंदना पुढे सरकून ऐकत होती. इतके दिवस तिच्या मनात जे खदखदत होतं ते कुणीतरी गणितात मांडून दाखवलं होतं.

चार शनिवार संपले आणि संगणकाच्या पडद्यावर निकाल आला. संघाची सरासरी अठ्ठावन्न. प्रवेशासाठी पंचाहत्तर हवी होती. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, योग्य आकार : सहा.

"मी सांगत होते की नाही?" चंदना म्हणाली. तिचा स्वतःचा आकडा ब्याऐंशी होता, सगळ्यांत वरचा. तिने खाली नजर फिरवली. सर्वांत शेवटी मिसबाह होती. एक्केचाळीस.

बालवाडीपासून दोघी एका बाकावर बसत आल्या होत्या. मिसबाहला रोबोटचं वेड होतं असं नाही. ती क्लबमध्ये आली होती, कारण चंदना आली होती. पण ती असली की प्रयोगशाळेत हशा असायचा. रोबोटचा हात अडकला की ती त्याला दटावायची, "ए शहाण्या, नीट पकड की!" आणि बिथरलेली मुलं पुन्हा कामाला लागायची.

"वरचे सहा ठेवू. नावं तू वाच," सर दाराबाहेर हळूच म्हणाले. "कॅप्टन तू आहेस. मुलांना तुझं पटेल."

खरं कारण ते नव्हतं, हे चंदनाला कळलं. सरांना ते सहन होणार नव्हतं. तिने सगळ्यांना गोळा केलं आणि राहणाऱ्या सहा जणांची नावं वाचली. वाचताना तिने मान वर केली नाही. सहावं नाव झाल्यावरही मिसबाह तशीच तिच्याकडे बघत होती, सातवं यायचं आहे अशा आशेने. मग तिने दप्तर उचललं.

"चला, सुटले एकदाची," ती मोठ्याने म्हणाली. "आता शनिवारी दुपारी निवांत झोपते."

ती स्वतः सोडली तर कुणी हसलं नाही.

उरलेले सहा जण भराभर काम करायला लागले. वस्तू जागच्या जागी राहू लागल्या, बॅटरी भरलेली असू लागली. रोबोटला स्पर्धेत रंगीत खोके उचलून फळीवर रचायचे होते. आधी तीन खोक्यांतच धापा टाकणारा रोबोट आता दहा खोके सहज रचू लागला. संघाची सरासरी एक्क्याऐंशीवर गेली. मुख्याध्यापिका येऊन कौतुक करून गेल्या. सरांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना कच्छी दाबेली खाऊ घातली.

चंदनाला मात्र चैन पडेना. पट्ट्याच्या छोट्या काचेवर आकडा दिसायचा, आणि तिची नजर सारखी तिकडे जायची. जेवताना, वर्गात, सायकलवर सिग्नलला थांबल्यावरसुद्धा. इतरांचंही तेच चालायचं. प्रयोगशाळेत कुणी काही बोलण्याआधी मनगट बघायचं. विनोद करायचं तर कुणाच्या मनातही येत नव्हतं. कुणाचा आकडा दोनाने खाली आला की बाकीचे पाच त्याच्याकडे बघायचे आणि लगेच नजर वळवायचे. यंत्रणेने सहा सांगितले होते, पण उद्या पाच सांगितले तर? हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळ्यांच्या पोटात तो होताच.

मिसबाह वर्गात अजून तिच्याच बाकावर बसायची. पट्टी मागितली तर द्यायची, वहीही द्यायची. त्यापलीकडे बोलायची नाही.

जिल्ह्याच्या सराव फेरीत व्हायचं ते झालं. कोल्हापूरच्या एका सभागृहात, दोनेकशे लोकांसमोर रोबोटने चार खोके झकास रचले. पाचव्याला हात वर गेला, थरथरला आणि कोपरातून तुटून खाली लोंबकळला. प्रेक्षकांतून "अरेरे" असा आवाज उठला.

परतताना बसमध्ये चंदना शार्दूल कुडचेच्या शेजारी जाऊन बसली. हाताचं काम त्याच्याकडे होतं.

"तडा जुना होता," ती म्हणाली. "आत धूळ बसलेली मी बघितली. तुला माहीत होतं?"

शार्दूलने तोंड खिडकीकडे वळवलं. दांडगाईत कधी मागे न राहणारा तो, पण त्याचा आवाज चिरकला. "होतं. आठवडाभर."

"मग बोलला का नाहीस? थ्रीडी प्रिंटरवर नवीन भाग छापून घेतला असता की!"

"तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. माझा आकडा पडला असता." त्याने मनगट पुढे केलं. "मी रोज दुसरा कुणी तिथे हात लावेल म्हणून बघायचो आणि धडधड व्हायचं. तरी बघ, आकडा किती आहे. सत्त्याऐंशी."

चंदनाने आपलं मनगट पाहिलं. त्र्याण्णव. इतका आकडा तिचा कधीच नव्हता. आणि त्या सकाळपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की ही स्पर्धा संपली की क्लब सोडून द्यायचा. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

सोडायला निघालेल्या पोरीला यंत्र सांगत होतं, की तुझ्याइतकी निष्ठा दुसऱ्या कुणाची नाही.

सोमवारी ती सरांकडे गेली. "सर, घाबरल्यावरही नाडी चढते ना? हाताला घाम सुटतो ना?"

"सुटतो."

"सहा जण एकाच गोष्टीला घाबरत असतील तर रेघा जुळतील ना?"

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सर, परवा गणिताची घटक चाचणी आहे. आम्ही सहाही जण एकाच वर्गात बसणार. पट्टे घालून बसतो. तुम्ही संगणकावर नोंद चालू ठेवा."

"अगं, तुमचे मार्क..."

"सर, बघू तर."

गणिताच्या बाई कडक होत्या आणि पेपरही कडक निघाला. सहा मुलं सहा वेगवेगळ्या बाकांवर बसली होती. कुणी कुणाशी बोललं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही, रोबोट दोन मजले खाली कपाटात होता. पेपर हातात पडला तेव्हा सहा नाड्या एकदम उसळल्या. भूमितीच्या प्रमेयाचं पान उलटलं तेव्हा पुन्हा. बाईंनी वेळ संपत आल्याचं सांगितलं तेव्हा तर सहा रेघा एकमेकींवर अशा चढल्या, की पडद्यावर एकच जाड रेघ दिसत होती.

संघाचा निष्ठांक शहाण्णव आला होता.

सर आधी हसले. मग खुर्चीत मागे टेकले. "याला ओढ आणि भीती यांतला फरकच कळत नाही," ते म्हणाले. "जिथे मुलं मजेत काम करतात तिथे हा बरोबर असेल. पण आपण हा घातला, त्यानं मुलांना घाबरवलं, आणि मग तीच भीती निष्ठा म्हणून मोजली."

"मग आयोजकांना कळवू या."

सर तिच्याकडे वळले. "चंदना, आपण गप्प बसलो तर आपण राज्याला जातोय. सरासरी नव्वदच्या वर आहे. ही शाळा तिथे कधी गेलेली नाही. मला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलीत बाळ."

ते लोभाने बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. तिलाही जायचं होतं. राज्य स्पर्धेचं पुण्यातलं ते मैदान, दिवे, गळ्यातलं ओळखपत्र, हे सगळं तिने कितीदा डोळ्यांसमोर आणलं होतं. आणि आणखी एक गोष्ट आतून टोचत होती, ती सरांना सांगण्यासारखी नव्हती. पट्टा बरोबर असेल तर मिसबाहला पट्ट्याने काढलं होतं. पट्टा चुकीचा असेल, तर चंदनाने काढलं होतं.

ती तडक बसस्थानकाजवळच्या बागवानांच्या फळांच्या दुकानात गेली. मिसबाह डाळिंबांची रास लावत होती. तिचे अब्बा आत फोनवर बोलत होते.

"काय करालीस इकडे?" मिसबाहने विचारलं. "सफरचंद पाहिजे?"

"मिसबाह, पट्टा चुकीचा आहे." चंदनाने एका दमात सगळं सांगितलं. शार्दूलचा तडा, गणिताचा पेपर, शहाण्णव. "तुझा एक्केचाळीस आला तोही चुकीचाच असणार. तू परत ये."

मिसबाहचा हात चालू राहिला. एक डाळिंब फिरवून तिने त्याची चांगली बाजू पुढे आणली.

"माझा बरोबर होता," ती म्हणाली. "मी सोडणारच होते."

"काय?"

"कंटाळा आलेला मला. चौदा जण आणि एक रोबोट. माझ्या हातात काम कधी आलं सांग की. मी विनोद करायची, कारण दुसरं करायला काही नव्हतं. तू म्हणायचीस गर्दी झालीय, ते खरंच होतं. गर्दीत मीच होते, एवढंच." तिने पहिल्यांदा चंदनाकडे नीट पाहिलं. "मी आपण होऊन सोडलं असतं, तर तुझ्याशी भांडून सोडलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघी पुन्हा बोललो असतो. तू मान खाली घालून नावं वाचलीस चंदे. मी समोर होते. मला नुसतं विचारायचंस, तू येतीस का गं म्हणून."

चंदना म्हणाली, "चुकलं माझं."

"हो, चुकलं." मिसबाहने तो शब्द तसाच राहू दिला. आतून अब्बांनी हाक मारली, "बेटा, ती मगदूमांची पोरगी आहे ना? तिला दोन मोसंबी दे." मिसबाहने मोसंबी दिली आणि पुन्हा डाळिंबांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी चंदनाने सगळ्या चौदा जणांना मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ बोलावलं. अकरा आले. मिसबाह आली नाही. चंदनाने यावेळी मान वर ठेवली होती. पट्ट्याचं जे झालं ते तिने सांगितलं. चौदा जणांना एक रोबोट पुरत नाही, हेही खरं आहे, ती म्हणाली. म्हणून तीन लहान गट करायचे, प्रत्येकाने आपला वेगळा रोबोट बांधायचा. मोटारी जुन्या, भाग भंगारातले, नाहीतर पुठ्ठ्याचे. आणि पट्टे कपाटात.

"मग राज्याचं काय?" शार्दूलने विचारलं.

"पट्ट्याशिवाय प्रवेश नाही."

"मी पुण्याला जाणार म्हणून आत्याला सांगून बसलोय," एकजण पुटपुटला. शार्दूलने मात्र तिथेच पट्टा काढून खिशात टाकला. मनगटावर पांढरा वळ उमटला होता. तो त्याने चोळला.

सरांना सांगायला ती एकटीच गेली. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते संगणकापुढे जाऊन बसले आणि गणिताच्या पेपरच्या त्या सहा रेघा आयोजकांना पाठवून दिल्या. "कळ दाबताना हात थरथरला," ते म्हणाले. "पट्टा घातला असता तर माझाही आकडा मोठा आला असता."

आयोजकांचं उत्तर सभ्य होतं. माहितीबद्दल आभार, विचार करू, मात्र या वर्षीचे नियम बदलता येणार नाहीत. राज्याला जिल्ह्यातून दुसरी शाळा गेली. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिकांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि ते न बोलणं सगळ्या शाळेने ऐकलं. पुढे सांगलीतल्या एका क्लबनेही परीक्षेत पट्टे घालून पाहिले आणि त्यांचाही आकडा नव्वदच्या पुढे गेला, अशी बातमी सरांच्या कानावर आली. एवढंच.

क्लब चालू राहिला, पण आकडा गेला तशी खात्रीही गेली. पहिल्या शनिवारी नऊ जण आले, दुसऱ्या शनिवारी सात. पुण्याला जाणार म्हणून आत्याला सांगून बसलेला पुन्हा फिरकला नाही. गटांत भांडणं झाली. एका गटाचा रोबोट उलटा चालायचा आणि त्यांना तो तसाच आवडायला लागला. चंदना प्रत्येक शनिवारी दाराशी उभी राहून जिन्याकडे बघायची. पाऊल वाजलं की जीव वर यायचा. ही घालमेल कधी संपेल असं तिला आधी वाटायचं. हळूहळू तिला दिसायला लागलं, की ती संपणारी नाही. माणसं आपल्या मर्जीने येणार असतील, तर ती न येण्याची धाकधूकही राहणारच.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती आपल्या गटाच्या रोबोटसमोर बसली होती. गटात चौघं होते, त्यातले दोघं गावाला गेलेले आणि तिसरा तापाने घरी. रोबोटचं डावं चाक फिरायचं, उजवं फिरायचं नाही. तिने सगळं करून पाहिलं होतं.

जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि मिसबाह दारात उभी राहिली.

"अब्बा बाजारात गेलेत. दुकान लवकर बंद केलं," ती म्हणाली. "घरी कंटाळा आला. म्हणून आले. आजच्यापुरती."

"बरं," चंदना म्हणाली. पुढच्या शनिवारचं विचारायला तिची जीभ शिवशिवली. तिने विचारलं नाही.

मिसबाह चप्पल काढून आत आली, स्टूल ओढून समोर बसली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून रोबोटकडे बघायला लागली. "हा का लंगडतोय?"

वर्षभरात चंदनाने या खोलीत कधीच न उच्चारलेले शब्द तिच्या तोंडून सहज निघून गेले.

"मला माहीत नाही गं."

"तुलाही नाही?" मिसबाहचे डोळे मोठे झाले. तिने रोबोट अलगद उचलला, उलटा केला आणि दोघींच्या मधोमध ठेवला. "मग उघड की. बघू या आत."